ज्वारीचे मोड, आयरिश रेड एल आणि एक घाईचा निष्कर्ष

माझ्या प्रगती अहवालाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "ज्वारीच्या माल्टमध्ये पिष्टाची साखर करण्याइतके एन्झाइम नसतात." वाक्य छोटं आणि ठाम. लिहिताना बरंही वाटलं होतं. मॅडमनी त्याच्याखाली पेन्सिलीनं एकच शब्द लिहून कागद परत दिला: "कशावरून?"

त्या एका शब्दानं माझे दोन महिने खाल्ले. पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं त्या दोन महिन्यांतलं आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटच्या तयारीत असतील, कुणी सिनॉप्सिस लिहीत असेल. म्हणून हा किस्सा जरा सविस्तर सांगतो. विषय बिअरचा आहे, पण गोष्ट कंट्रोलची आहे.

बिअर कुठून आली?

माझा विषय धान्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च. वाचता वाचता माल्टपाशी पोचलो. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, योग्य वेळी वाळवून ती वाढ थांबवायची, की झाला माल्ट. मोड येताना दाणा स्वतःच्या कोंबासाठी एन्झाइम तयार करतो आणि साठवलेल्या पिष्टाची साखर करू लागतो. बिअर करणारा माणूस दाण्याची हीच तयारी आपल्या कामाला लावतो.

अभ्यासासाठी मला एक साधी, नीट मोजलेली पाककृती हवी होती. आयरिश रेड एल त्यासाठी सोयीची. आयर्लंडमधल्या किल्केनीची स्मिथविक्स ही तिची सगळ्यांत ओळखीची खूण, तिचा वारसा १७१० पर्यंत मागे जातो. या एलची चौकट ठरलेली आहे. आंबवण्याआधीची घनता १.०३६ ते १.०४६, आंबल्यावर १.०१० ते १.०१४, अल्कोहोल साधारण ३.८ ते ५ टक्के, कडूपणा मध्यम. लाल रंग येतो तो मुख्यतः चिमूटभर भाजलेल्या बार्लीमुळे. एकूण धान्याच्या एक-दोन टक्के, बस. जास्त टाकली की लाल एल काळ्या स्टाउटकडे सरकते.

वीस लिटरसाठी साधं गणित असं. साधा फिका बार्ली माल्ट ३.७ किलो, कॅरॅमलसारखी चव देणारा क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, भाजलेली बार्ली ६० ग्रॅम. म्हणजे सुमारे ४ किलो. एक किलो माल्टमधला सगळा अर्क एक लिटर पाण्यात उतरला असता, तर घनता पाण्यापेक्षा साधारण ३०० अंकांनी वाढली असती. आपल्या हाताला त्यातला ७५ टक्के लागतो असं धरा. मग ४ × ३०० × ०.७५ ÷ २० = ४५, म्हणजे घनता १.०४५. चौकटीत बसलं. हे गणित करून बघाच. "माझ्याकडे किती येईल?" याचा अंदाज प्रयोगाआधी मांडायची सवय लागते, आणि अंदाज चुकला तर काहीतरी शोधायला मिळतं.

आणि यीस्ट?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे. 'स्वतःपुरती', 'घरच्या घरी', 'फक्त प्रयोग म्हणून' असली कारणं चालत नाहीत. म्हणून माझा प्रयोग गोड पाण्यावर संपतो. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्यापुढचे टप्पे, म्हणजे हॉप्स घालून तासभर उकळणं, थंड करून यीस्ट सोडणं, १८ ते २० अंशांवर आंबवणं, हे मी पुस्तकातूनच शिकलो आहे. माझ्या प्रश्नाला त्यांची गरजही नव्हती. पिष्टाची साखर झाली की नाही, हे यीस्टच्या आधीच ठरतं.

संशोधनाला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवा. परवानगी कुठे लागते ते आधी बघायचं, आणि आपला प्रश्न परवानगीच्या अलीकडेच सुटतो का, तेही बघायचं. पुष्कळदा सुटतो.

मी काय केलं

मला वाटलं, बार्ली कशाला? ती आपल्याकडे फारशी होत नाही, ते राजस्थान-हरियाणाकडचं पीक. आपल्याकडे दादर आहे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमची रब्बी ज्वारी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत होते आणि तिची भाकरी पांढरीशुभ्र, गोड लागते. शिवाय बार्लीला मोड आणायला पंधरा-अठरा अंशांचा गारवा लागतो. ज्वारीला पंचवीस-तीस अंश मानवतात. जळगावात हे वरदानच म्हणायचं.

धान्य घरचं होतं, खाण्याचं. हे मुद्दाम सांगतो. कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं अशा कामाला कधीही वापरू नका, त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं. आणखी एक. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावल्याचं गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याचं कारण हेच. म्हणून मटकीसारखे ज्वारीचे मोड कच्चे खायचे नाहीत. माल्ट वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून काढून टाकायच्या.

तर मी माल्ट केला, जाडसर दळला, आणि आयरिश पाककृतीत बार्लीला सांगितलं होतं तसंच केलं. गरम पाण्यात कालवून ६५ अंशांवर ठेवलं. तासाभरानं थेंबभर पाणी पांढऱ्या बशीत घेतलं, मेडिकलमधून आणलेलं टिंक्चर आयोडीन त्यावर सोडलं. थेंब काळानिळा झाला. दीड तासानं पाहिलं, तरी काळानिळा.

आयोडीनची चाचणी तुम्हाला दहावीपासून माहीत आहे. पिष्ट असेल तर निळं-काळं, संपलं असेल तर आयोडीनचाच पिवळसर रंग. माझं पिष्ट जसंच्या तसं होतं. मग मी अनुमान काढलं की एन्झाइम नाहीत, आणि अहवालात ते वाक्य लिहून टाकलं.

"कशावरून?"

मॅडमशी झालेलं बोलणं थोडक्यात असं.

"एन्झाइम नाहीत, हे तू बघितलंस का?"

"नाही मॅडम, पिष्ट शिल्लक राहिलेलं बघितलं."

"मग पिष्ट शिल्लक राहण्याची कारणं किती? मोज."

मी बसून मोजली. एक, एन्झाइम नसतील. दोन, असतील पण वाळवताना जास्त उष्णतेनं मेले असतील. तीन, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बरोबर नसेल. यासाठी ५.२ ते ५.६ लागतो, आणि आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. चार, थर्मामीटर खोटं बोलत असेल. पाच, एन्झाइम असतील, पण त्यांना पिष्टापर्यंत पोचताच येत नसेल.

पाच कारणं, आणि मी त्यातलं पहिलंच उचलून अहवालात घातलं होतं. का? कारण ते वाक्यात छान बसत होतं, दुसरं काही नाही.

भाकरीचं पीठ आणि बंद कुलूप

पाचवं कारण मला सुचलं ते धुळ्याला घरी गेलो तेव्हा. आई भाकरी करत होती. पीठ जुनं होतं, विरी गेलेलं. भाकरी थापताना चिरत होती. आईनं काय केलं? पाण्याला आधण आणलं, उकळतं पाणी पिठात ओतलं, झाकून ठेवलं, मग मळलं. भाकरी सरळ थापली गेली.

हे आपण सगळे रोज बघतो. पण त्यात नेमकं काय होतं? पिष्टाचे कण म्हणजे घट्ट गुंडाळलेली गाठोडी. थंड पाण्यात ती नुसती भिजतात. एका ठरावीक तापमानाच्या वर गेली की पाणी आत घेऊन फुगतात, उकलतात, चिकट होतात. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. एन्झाइमला नीट काम करायचं तर गाठोडं आधी सुटायला हवं.

आता आकडे बघा. बार्लीचं पिष्ट साधारण ६५ अंशांच्या आत उकलतं, म्हणजे एन्झाइमच्या सोयीच्या तापमानातच. म्हणून बार्लीला एकच टप्पा पुरतो. ज्वारीचं पिष्ट उकलायला साधारण ६८ ते ७८ अंश लागतात. मी ६५ वर थांबलो होतो. एन्झाइम दारात उभे, आणि आतून कडी!

बरं, मग सरळ ७८ वर का न्यायचं नाही? कारण तिथे एन्झाइमच टिकत नाहीत. यात मुख्य खेळाडू दोन. अल्फा अमायलेज म्हणजे उसाच्या मोळीवर कोयता चालवणारा. कुठेही घाव घालतो, लांब साखळीचे आखूड तुकडे करतो. त्याला ६८ ते ७२ अंश चालतात. बीटा अमायलेज शिस्तीचा. साखळीच्या एका टोकापासून दोन-दोन पेरं मोडत जातो, आणि ती दोन पेरं म्हणजे माल्टोज साखर. पण तो नाजूक, ६५ च्या वर गेलं की लवकर थकतो. म्हणजे ज्वारीची अडचण अशी की कुलूप उघडतं त्या तापमानाला चावी वितळते.

पाच ग्लास

मग प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी एकाऐवजी पाच ग्लास. सगळ्यांत पाणी सारखं, धान्याचं एकूण वजन सारखं, वेळ सारखी, आणि शेवटचा टप्पा ६५ अंशांवर.

पहिला: बाहेरून मागवलेला बार्ली माल्ट, एकाच टप्प्यात. हा जमलाच पाहिजे. नाही जमला तर माझं पाणी, थर्मामीटर किंवा आयोडीन यांतच काहीतरी खोट आहे.

दुसरा: ज्वारीचा माल्ट, एकाच टप्प्यात. जुनीच चूक, मुद्दाम पुन्हा केलेली.

तिसरा: मोड न आणलेली ज्वारी, पूर्ण शिजवून ६५ पर्यंत निववलेली. बाकी काही नाही. इथे पिष्ट उघडं आहे, पण ते तोडणारं कुणी नाही.

चौथा: तशीच शिजवलेली ज्वारी, आणि तीत ज्वारीच्या माल्टचा अर्क. हा अर्क माल्ट कोमट पाण्यात भिजवून, गाळ खाली बसू देऊन, वरच्या पाण्यातून काढलेला.

पाचवा: चौथ्यासारखाच, पण अर्क आधी खळखळून उकळलेला.

पुढे वाचण्याआधी जरा थांबा आणि प्रत्येक ग्लासाचा रंग काय येईल ते वहीत लिहा. खरंच लिहा. मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो.

झालं असं: पहिला पिवळसर. दुसरा काळानिळा. तिसरा काळानिळा. चौथ्यातलं निळं ओसरत गेलं आणि शेवटी फिकट पिवळसर-तपकिरी राहिलं. पाचवा काळानिळा.

आता वाचू या. पहिल्यानं सांगितलं की पाणी, थर्मामीटर आणि आयोडीन कामापुरते ठीक आहेत. तिसऱ्यानं सांगितलं की नुसतं शिजवून पिष्ट संपत नाही. चौथ्यानं सांगितलं की ज्वारीच्या माल्टमध्ये पिष्ट तोडणारं काहीतरी नक्की आहे. पाचव्यानं सांगितलं की ते 'काहीतरी' उकळल्यावर मरतं, म्हणजे एन्झाइम असण्याशी जुळतं. नुसतं पाणी वाढल्यामुळे रंग फिका झाला असता, तर पाचवाही फिका दिसला असता. आणि दुसरा-चौथा शेजारी ठेवले की अडचण कुठे होती ते कळतं: पिष्ट बंद होतं.

दुसऱ्या ग्लासाला 'फेल' म्हणू नका. तो नसता तर चौथ्याला अर्थ नव्हता.

यात माझा शोध काय? काहीच नाही

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्वारीचा अर्क आधी काढून ठेवायचा, उरलेला गाळ शिजवायचा, निववून अर्क परत घालायचा, ही पद्धत ज्वारीवर काम करणाऱ्यांना आधीपासून माहीत आहे. आफ्रिकेत तर ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरीजना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. बंदी उठली १९९९ मध्ये. त्या काळात ज्वारीच्या पिष्टावर पुष्कळ काम झालं. मी दोन महिने घालवण्याआधी दोन दिवस लायब्ररीत घालवले असते, तर हे समजलं असतं.

आणखी एक गंमत. वाचल्यावर कळलं की ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज बार्लीपेक्षा खरंच बराच कमी असतो. म्हणजे माझं पहिलं वाक्य अगदीच खोटं नव्हतं! मी आनंदानं मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "पण तुझ्या प्रयोगातून ते निघत नव्हतं ना? मग ते तुझं नाही." उत्तर बरोबर असलं तरी ते आपल्या पुराव्यातून यावं लागतं. नाहीतर तो नशिबाचा भाग.

अजून तीन खड्डे, ज्यांत मी पडलो

गरम थेंबावर आयोडीन: पिष्ट-आयोडीनचा निळा रंग उष्णतेनं नाहीसा होतो. गरम थेंब तपासला की "पिष्ट संपलं" असं वाटतं, बशी गार झाली की निळा परत येतो. नमुना आधी थंड करायचा, आणि टरफलाचे कण न घेता वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं.

दुसऱ्या देशाचं तापमान: पाककृतीत "पाणी ७४ अंशांवर घ्या" असं असतं. ते तिकडच्या थंड धान्यासाठी. एका किलो धान्याला ३ लिटर पाणी धरलं, तर पाण्याचं तापमान = हवं ते तापमान + (०.४१ ÷ ३) × (हवं ते − धान्याचं). ६७ अंश हवेत आणि धान्य १५ अंशांवर असेल, तर ७४.१ येतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये धान्यच ३५ अंशांवर असतं, मग येतं ७१.४. जवळजवळ तीन अंशांचा फरक, आणि बीटा अमायलेजला तीन अंश म्हणजे पुष्कळ. आकडा उचलण्याआधी तो कुठल्या परिस्थितीतला आहे ते बघा.

खोटे नमुने: मी प्रत्येक ग्लास तीनदा केला आणि अभिमानानं "एन = ३" लिहिलं. पण माल्ट एकाच डब्यातला होता. एका डब्यातले तीन ग्लास म्हणजे तीन वेळा केलेलं मोजमाप, तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. ज्वारीबद्दल काही म्हणायचं असेल तर तीन वेगवेगळ्या वेळी, शक्य तर वेगवेगळ्या शेतांतल्या धान्याचा माल्ट करायला हवा. ते काम आता चालू आहे.

घरी करून बघण्यासारखं

तुमच्याकडे माल्ट नसेल, पण जळगावात केळी नाहीत असं घर सापडायचं नाही. एक हिरवं कच्चं केळं, एक नुकतं पिवळं झालेलं, एक ठिपके पडलेलं घ्या. कापून प्रत्येकावर पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाका. कच्चं काळंनिळं होईल, पिकत जाईल तसा रंग कमी. केळं पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर होते, दाण्याला मोड येताना सुरू होतं तसंच काम. तपासलेलं केळं खाऊ नका. आणि हो, चौथा तुकडा कशाचा ठेवाल, ज्यावर आयोडीन निळं होणारच नाही याची तुम्हाला खात्री आहे? तो तुमचा कंट्रोल. तो कमेंटमध्ये लिहा.

माझ्या अहवालात ते वाक्य आता असं आहे: "६५ अंशांच्या एकाच टप्प्यात या ज्वारीच्या माल्टमधलं पिष्ट पूर्ण तुटलं नाही, धान्य आधी शिजवून माल्टचा अर्क घातल्यावर तुटलं." लांब झालं आहे, ठसका गेला आहे. पण याखाली "कशावरून?" लिहिलं, तर दाखवायला माझ्याकडे पाच ग्लास आहेत.